एक्स-शोरूम सहा लाखांची गाडी बाभुळगावात दारात लागेपर्यंत कितीला पडते?

आमच्या बाभुळगावात गाडी एक माणूस घेतो आणि सल्ला अख्खं गाव देतं.

चहाच्या टपरीवर नुसतं म्हणून बघा, "गाडी घ्याचं चाल्लं आहे." पुढच्या दहा मिनिटांत तीन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "मारुती घे, विकाले सोपी." दुसरी म्हणते, "टाटा घे, पत्रा पाय कसा हाय." तिसरी पार्टी आमच्या काकांसारख्या लोकांची. ते म्हणतात, "बोलेरो घे बाप्पा, पांदणीनं बी जाते अन् लग्नात बी शोभते." त्यात रील्स पाहून आलेली पोरं सनरूफ आणि ३६० डिग्री कॅमेरा काढतात. चहा संपतो, गाडी ठरत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या घरातही हाच विषय निघाला. आजीला रात्री दीड वाजता दम लागला होता. १०८ ला फोन झाला, पण तोवर बाबा शेजाऱ्यांच्या दारात उभे होते. शेजाऱ्यांची गाडी मिळाली, आजी यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पोचली, आता बरी आहे. पण दुसऱ्या दिवशी बाबा एवढंच बोलले, "दुसऱ्याच्या दारात उभं राहाले आता बरं नाही वाटत."

मग मी लॅपटॉप उघडला. मास कॉम केलेल्या पोराला घरात एवढं तरी काम मिळतंच. चार व्हिडिओ पाहिले, दोन शोरूममधून कोटेशन आणली आणि पहिला झटका बसला. जाहिरातीत गाडी सहा लाखांची होती. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत आकडा होता ७ लाख ४१ हजार.

मधले १ लाख ४१ हजार गेले कुठं? आजचा विषय हाच. तुमच्या घरातही गाडीचं बोलणं सुरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक्स-शोरूम आणि ऑन-रोडचा घोळ

एक्स-शोरूम किंमत म्हणजे गाडीची किंमत अधिक जीएसटी. त्या पैशात गाडी शोरूमच्या दारापर्यंत येते, रस्त्यावर नाही. रस्त्यावर आणायची तर आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा हे तीन खर्च कायद्यानेच लागतात. ते धरून जो आकडा होतो तो ऑन-रोड.

आरटीओचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. म्हणून दिल्लीचा यूट्यूबर सांगतो ती ऑन-रोड किंमत यवतमाळात मिळत नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या खासगी पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्याच्या वर १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के होतात. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी आहेत, पण १ जुलै २०२५ पासून त्यातही एक टक्का वाढ झाली. हा कर एकदाच भरायचा, पंधरा वर्षांसाठी. एमएच-२९ ची पाटी लागते ती हे पैसे भरल्यावरच.

आता आमचंच कोटेशन घ्या. गाडी पेट्रोल, एक्स-शोरूम ६ लाख. ११ टक्क्यांनी कर झाला ६६ हजार. विमा त्यांनी लावला साधारण ३० हजार. नोंदणी फी ६०० रुपये, त्यात नंबर प्लेट, फास्टॅग वगैरे धरून दोनेक हजार. बेरीज होते ६ लाख ९८ हजार. म्हणजे सात लाख.

मग ७ लाख ४१ हजार कसे झाले? वरचे ४३ हजार कायद्याने लागणारे नव्हतेच. हँडलिंग चार्जेस, अ‍ॅक्सेसरीज किट, एक्सटेंडेड वॉरंटी आणि टेफ्लॉन कोटिंग अशा चार ओळी खाली छापल्या होत्या. छापील कागदावर असलं की आपल्याला वाटतं हे द्यावंच लागत असेल. तसं नसतं.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज हा सरकारी खर्च नाही. ती ओळ काढा असं सरळ म्हणता येतं. अ‍ॅक्सेसरीज, म्हणजे मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बाहेर निम्म्या पैशात बसतात. एक्सटेंडेड वॉरंटी काही लोकांच्या कामाची असते, पण ती त्याच दिवशी घेतलीच पाहिजे असं नाही. कंपनीची मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक कंपन्या ती नंतरही देतात.

आम्ही नुसतं विचारलं, "ह्या चार ओळी कायच्या?" सेल्समन हसला आणि दोन ओळी त्यानं स्वतःच खोडल्या. न विचारता सही करणाऱ्याच्या कागदावर त्या तशाच राहत असतील.

दहा लाखांची रेघ

एक गंमत लक्षात ठेवा. समजा एका पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार आहे आणि वरच्या व्हेरिएंटची १० लाख १० हजार. फरक फक्त १५ हजारांचा दिसतो. माणूस म्हणतो, घेऊन टाकू वरचंच.

पण पहिल्या गाडीला ११ टक्क्यांनी कर बसतो १ लाख ९ हजार ४५०. दुसरीला १२ टक्क्यांनी, तोही पूर्ण किमतीवर, बसतो १ लाख २१ हजार २००. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूमवाला एक टक्का टीसीएस कापतो, म्हणजे आणखी दहा हजार. हा टीसीएस इन्कम टॅक्स रिटर्न भरून परत मिळतो किंवा करात वळता होतो. पण शेतकऱ्याच्या घरात रिटर्न भरतं कोण? मग ते पैसे तिथंच पडून राहतात. दिसायला १५ हजारांचा असलेला फरक त्या दिवशी खिशातून ३७ हजारांच्या आसपास काढतो.

जीएसटी कमी झाला, मग स्वस्त नेमकं काय झालं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर "गाड्या दीड लाखांनी स्वस्त" असले मेसेज फिरत होते. खरं गणित असं आहे.

लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला छोटी गाडी म्हणतात. तिच्यावर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, पेट्रोलला १ टक्का आणि डिझेलला ३ टक्के. आता सेस गेला आणि सरळ १८ टक्के राहिला. मोठ्या गाड्यांवर आता ४० टक्के आहे. तो ऐकायला जास्त वाटतो, पण आधी सेस धरून ४५ ते ५० टक्के बसायचा. इलेक्ट्रिकला ५ टक्के होता, तेवढाच राहिला.

करापूर्वी साडेचार लाखांची छोटी पेट्रोल गाडी आधी ५ लाख ८० हजार ५०० ला पडायची, आता ५ लाख ३१ हजारांना. म्हणजे एक्स-शोरूममध्ये ४९ हजार ५०० चा फायदा. आरटीओचा कर एक्स-शोरूमवर असल्यामुळे तोही साडेपाच हजारांनी उतरला. दीड लाख नाही, पण पंचावन्न हजारही थोडे नाहीत.

ही ४ मीटरची भानगड नवी नाही. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साईज ड्युटी २४ वरून १६ टक्क्यांवर आली, तेव्हापासून कंपन्या गाड्या ४ मीटरच्या आत बसवायला लागल्या. काही सेडान गाड्यांची डिक्की मागून कापल्यासारखी दिसते, तिचं कारण डिझायनरची हौस नाही, कराची रेघ आहे.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर किती क्विंटल?

पगारदार माणूस गाडी पगाराच्या पटीत मोजतो. आमच्याकडं ती कापसात मोजावी लागते.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८ हजार ११० रुपये क्विंटल आहे, मध्यम धाग्याचा ७ हजार ७१०. सात लाखांची गाडी म्हणजे वरच्या भावानं ८६ क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात साडेपाच क्विंटल निघाला असं धरलं तर जवळपास सोळा एकरांचं एका वर्षाचं पूर्ण पीक. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचाई अजून वजा केलेली नाही. बोंडअळी किंवा दिवाळीतला पाऊसही धरलेला नाही. आणि हमीभाव मिळतो तो सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी होऊन, ओलाव्यात माल बसला तर. खेडा खरेदीत व्यापारी काय भाव देतो ते तुम्हाला माहीत आहे.

बाबांना मी हे ८६ क्विंटल सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपले दोन वर्ष." आमची शेती नऊ एकर.

हप्ता महिन्याला, पैसा वर्षाला

खरी अडचण इथे आहे आणि ती कुठल्याच रीलमध्ये सापडत नाही.

इंटरनेटवर एक नियम फार चालतो, २०-४-१० चा. म्हणजे २० टक्के डाऊन पेमेंट करा, कर्ज ४ वर्षांचं घ्या आणि गाडीचा खर्च महिन्याच्या कमाईच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. नियम चांगला आहे, पण तो महिन्याला पगार येणाऱ्या घरासाठी बनलेला आहे.

बाभुळगाव, कळंब, राळेगाव पट्ट्यात पैसा कधी येतो? सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा डिसेंबर ते फेब्रुवारी, तूर आणि हरभऱ्याचा त्याच्या आगेमागे. जून ते सप्टेंबर पैसा फक्त जातो. पेरणी, खत, फवारणी, पोरांच्या फी, सगळं त्याच चार महिन्यांत. आणि दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता हे काही बघत नाही. हप्ता चुकला की दंड बसतो आणि सिबिल स्कोअर खाली येतो. मग पुढच्या कर्जाच्या वेळी बँकेतला साहेब तोच कागद पुढं करतो.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला म्हणजे कर्ज घेतानाच विचारायचं, सहामाही हप्ता मिळेल का? ट्रॅक्टरच्या कर्जाला तो सर्रास असतो. शेतीवाल्यांसाठी कारलाही तिमाही किंवा सहामाही हप्ता देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेत. फक्त व्याजदर तपासून घ्या, तो बँकेपेक्षा जास्त असू शकतो.

दुसरा उपाय जुनाच आहे. कापूस विकला की जून ते सप्टेंबरचे चार हप्ते आधी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड आईजवळ द्यायचं. आमच्या घरात हाच उपाय चालतो, कारण आईकडून पैसे काढणं एटीएममधून काढण्यापेक्षा अवघड आहे.

"हप्ता फक्त आठ हजार"

शोरूममध्ये किमतीवर बोलणं अडलं की सेल्समन विषय हप्त्यावर नेतो. "सर, महिन्याला फक्त आठ हजार."

५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं असं धरू. सात वर्षांना हप्ता बसतो सुमारे ८ हजार १७२, पाच वर्षांना सुमारे १० हजार ५०१. सात वर्षांचा सोपा वाटतो. पण एकूण व्याज पाहा. पाच वर्षांत १ लाख ३० हजार, सात वर्षांत १ लाख ८६ हजार. महिन्याचे तेवीसशे वाचवायला ५६ हजार जास्त गेले. पुन्हा कापसात सांगायचं तर सात क्विंटल.

त्याहून मोठा घोळ फ्लॅट रेटचा. जुन्या गाडीच्या कर्जात तो जास्त दिसतो. फ्लॅट म्हणजे तुम्ही कर्ज फेडत जाता, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लागत राहतं. ५ लाख, पाच वर्षं, साडेनऊ टक्के फ्लॅट असेल तर व्याज होतं २ लाख ३७ हजार ५००. तोच साडेनऊ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर १ लाख ३० हजार. दर एकच, फरक लाखाच्या वर. त्यामुळे "व्याज किती?" एवढं विचारून थांबू नका. "फ्लॅट की रिड्यूसिंग?" हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

विमा कोणाचा घ्यायचा?

शोरूमवाला म्हणतो, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल. नाही घ्यावा लागत. विमा कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. बाहेरून एक कोटेशन काढून त्याच्या पुढं ठेवा, बऱ्याचदा त्याचाच आकडा खाली येतो.

नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात.

काही लोक एक वर्ष झालं की म्हणतात, "थर्ड पार्टी हाय न, पोलीस पकडत नाही." पण थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीचा असतो. रात्री रस्त्यात रोही आडवा आला आणि बोनेट आत गेलं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. आमच्या भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला रोही आणि रानडुक्कर काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. क्लेम न घेता वर्ष गेलं तर नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी कार विकून नवी घेताना तो नव्या विम्यावर आणता येतो. विसरलात तर गेला.

दसऱ्याला घ्यावी की जानेवारीत?

आमच्याकडं गाडी दसऱ्याला, धनत्रयोदशीला नाही तर गुढीपाडव्याला घ्यायची पद्धत आहे. मुहूर्ताला कोणाची हरकत नाही. पण दसऱ्याला कापूस अजून झाडावर असतो. त्या दिवशी घेतलेली गाडी ही न विकलेल्या पिकाच्या भरवशावर घेतलेली असते.

डिसेंबर-जानेवारीत उलट असतं. शोरूमवाल्याला सरत्या वर्षात बनलेल्या गाड्या काढायच्या असतात आणि नेमका तेव्हाच आपल्याकडं पैसा आलेला असतो. सूट जास्त मिळते. त्यात एक पेच आहे. गाडी मागच्या वर्षी बनलेली असेल तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. दहा वर्षं वापरायची असेल तर काही बिघडत नाही. तीन वर्षांत विकायची असेल तर सूट तेवढी भरपूर आहे का बघा. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे कागदावर येतं, पैसे देण्याआधी पाहून घ्या.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

सात लाख ऐकून बाबा म्हणाले, "मंग जुनी पाहू." हा पर्याय चांगला आहे, फक्त डोळे उघडे ठेवावे लागतात.

गाडीचा नंबर मिळाला की आधी एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे तिथं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. ई-चलान थकलेलं आहे का तेही पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी नावावर होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका. गाडी विकत असाल तर हे जास्तच लागू आहे, कारण नाव तुमचं आणि अपघात दुसऱ्याचा, असं झालं तर नोटीस तुमच्या घरी येते.

मार्केटमध्ये दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात. त्याला कारण आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यामुळे तिथले मालक वेळेआधीच गाड्या काढतात. पण ती गाडी एमएच-२९ करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो धरून हिशोब करा, मग स्वस्त किती उरते ते कळेल.

मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस हिस्ट्री मागा. सीटबेल्ट पूर्ण ओढून खालचा पट्टा बघा, डिक्कीतलं स्टेपनीचं खोबण बघा. तिथं वाळलेला चिखल किंवा गंज दिसला तर गाडी पुरात राहिलेली असू शकते. आणि एक मेकॅनिक सोबत न्या. पाचशे रुपये द्या त्याला, मोफत नेऊ नका. मोफत नेलेला मेकॅनिक तुमच्याबद्दल कमी आणि गाडीवाल्याच्या चहाबद्दल जास्त विचार करतो.

सनरूफ की एअरबॅग?

पोरं सनरूफ मागतात. मे महिन्यात यवतमाळात सनरूफ उघडून कोण बसणार आहे, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

त्यापेक्षा क्रॅश टेस्टचे स्टार पाहा. भारत एनकॅप ही आपली स्वतःची तपासणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तुम्ही बघताय त्या मॉडेलचा निकाल आला आहे का, आणि आला असेल तर मोठ्यांचे आणि लहान मुलांचे स्टार वेगवेगळे किती, हे पाच मिनिटांत कळतं. सगळ्यांनी मागचा सीटबेल्ट लावला तर त्या स्टारांना अर्थ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळ गेले, तेव्हा गाडी लाखो रुपयांची होती. मागच्या सीटवर बेल्ट लावलेला नव्हता.

दुसरं बघायचं ते ग्राउंड क्लिअरन्स. वावरापर्यंतची पांदण पावसाळ्यात कशी होते ते आठवून गाडी निवडा. तिसरं, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? यवतमाळात असेल तर ठीक. नागपूर-अमरावतीला न्यावी लागणार असेल तर प्रत्येक सर्व्हिसला एक दिवस आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल धरा. सीएनजी घेणार असाल तर आधी आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का पाहा, मायलेज नंतर. जुनी गाडी घेताना एवढं ध्यानात ठेवा की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि त्यासाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या आहेत. त्याआधीच्या गाडीचं मायलेज थोडं कमी धरा.

मग गाडी परवडते का?

एक हिशोब सगळ्यांनी करावा असा आहे. ७ लाखांची गाडी आठ वर्षं वापरली आणि अडीच लाखांना विकली असं धरू. म्हणजे वर्षाला ५६ हजार नुसते किमतीत उतरले. कर्जाचं व्याज वर्षावर वाटलं तर १६ हजार. विमा, सर्व्हिस, टायर-बॅटरी मिळून वर्षाला ३३ हजार धरा. झाले १ लाख ५ हजार, गाडी दारात नुसती उभी राहिली तरी.

लिटरला २० चा अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला सव्वापाच रुपये. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरलात तर एक किलोमीटर बारा-साडेबाराला पडतो. सहाच हजार फिरलात तर पावणेतेवीसला. तुमच्या गावात भाड्याची गाडी किलोमीटरला काय घेते ते तुम्हाला माहीत आहे. दोन आकडे शेजारी ठेवा. बऱ्याच घरांना उत्तर "भाड्यानं केलेली बरी" असंच येईल.

आमचंही तेच आलं. महिन्यातून दोनदा यवतमाळ, कधी धामणगावला रेल्वे गाठायला, वर्षातून एक-दोन लग्नं. सहा हजार किलोमीटरही होत नाहीत. मी बाबांना हिशोब दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "हे सगळं बराबर हाय. पण रातच्या दीड वाजताचा भाव तुह्या ह्या कागदात कोठी हाय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्री दीड वाजता भाड्याची गाडी बारा रुपये किलोमीटरनं मिळत नाही. बऱ्याचदा मिळतच नाही.

मग मधला मार्ग काढला. पुढच्या पेरणीचे पैसे आधी बाजूला ठेवले, त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. उरलेल्यात बसेल अशी ओळखीतल्या एका शिक्षकांची सहा वर्षं जुनी, एकाच मालकाची गाडी जानेवारीत घेतली. अडीच लाखांना. दीड लाख रोख दिले आणि एक लाखाचं कर्ज घेतलं, रिड्यूसिंगवर, दोन वर्षांचं. सनरूफ नाही. काकांना ती आवडलेली नाही, ते अजून बोलेरोवरच आहेत.

आजी मात्र रोज सकाळी अंगणात येऊन गाडीला एकदा हात लावून जाते. परवा तिनं विचारलं, "कितीक कापूस लागला रे इले?"

मी म्हटलं, "तीस-एकतीस क्विंटल, आजी."

"महाग हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.